इंदूरच्या काडीकचऱ्याची शंभर वर्षे

फाल्गुन सरत आला की इंदुरातील जुन्या झाडांखाली पानांचा सडा पडू लागतो. रेसिडेन्सीच्या परिसरात, लालबागेच्या भिंतीलगत, नव्या वसाहतींतून उरल्यासुरल्या निंब-पिंपळांच्या पायथ्याशी पहाटे झाडू फिरतो, ढीग लागतात आणि ऊन चढायच्या आत महानगरपालिकेची गाडी ते उचलून नेते. एरवी शहरातून रोज सुमारे ३० टन हरित कचरा निघतो. पानगळीच्या दिवसांत हा आकडा ६० ते ७० टनांवर जातो. त्यातील फांद्या-डहाळ्यांचे काय करायचे, याचे उत्तर २०२५ च्या मे महिन्यात जाहीर झाले. बिचोली हप्सी येथे ५५,००० चौरस फूट जागेवर खाजगी भागीदारीतून एक प्रकल्प उभा राहत असून तेथे या फांद्या वाळवून, त्यांचा भुसा करून, त्याच्या दाबलेल्या कांड्या पाडायच्या आणि त्या कोळशाऐवजी भट्टीत जाळायच्या, अशी ही योजना आहे. लाकूड पुरवल्याबद्दल महानगरपालिकेला टनामागे सुमारे ३,००० रुपये मिळावयाचे आहेत.

ही बातमी वाचली तेव्हा आम्हांला दोन गोष्टी आठवल्या. पहिली घरची. ज्यांचे बालपण वाड्यात गेले, त्यांना काडीकचरा 'टाकणे' हा शब्दप्रयोगच अपुरा वाटेल. वाड्यातून बाहेर जाणारे फार थोडे असे. नारळाची करवंटी बंबात जाई, शेण गोवऱ्यांत, राख भांड्यांना, भाजीची देठे गाईपुढे. आणि उरलासुरला पाला परसातल्या आळ्यात. दुसरी आठवण गावची. काडीकचऱ्याचे नेमके काय करावे, हा प्रश्न या शहरात शंभर वर्षांपूर्वी एका शास्त्रीय संस्थेने हाती घेतला होता. त्याचे जे उत्तर तिने दिले, ते 'इंदूर पद्धत' या नावाने जगभर पोहोचले. पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना आपण राजवाडा दाखवतो, लालबाग दाखवतो, सराफ्यात नेतो. परंतु शेतीच्या जगात आपल्या शहराचे नाव ज्या खड्ड्यांमुळे गाजले, ते खड्डे कोठे होते हे आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल? शिवाय त्या कामावर एका मराठी माणसाचे नाव कोरलेले आहे. म्हणूनच हा इतिहास आपल्या वाचकांसमोर मांडावासा वाटला.

कथेचा आरंभ खड्ड्यांच्याही आधी करावा लागतो. प्लेगाच्या साथींनी होळकर दरबार चिंतेत होता. त्याच सुमारास स्कॉटलंडचे नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांना इंदूरचा आराखडा करण्यासाठी पाचारण करण्यात आले. त्यांचा दोन खंडांचा अहवाल १९१८ साली दरबारला सादर झाला. गेडिस यांनी नदीकाठच्या गल्ल्या पायी हिंडून पाहिल्या आणि सरसकट पाडापाडीला विरोध केला. एक दिवाळी तर त्यांनी आगळीच साजरी करवली. मिरवणुकीचा मार्ग नेहमीचा न ठेवता जे मोहल्ले सर्वांत स्वच्छ असतील त्यांतून ती जाईल असे जाहीर झाले. मिरवणुकीत रावणासारखे अक्राळविक्राळ घाणीचे आणि प्लेगच्या उंदराचे पुतळे होते. आणि स्वच्छ पांढऱ्या कपड्यांतले, फुलांनी सजलेले सफाई कामगार सन्मानाने चालत होते, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. आजच्या स्वच्छतेच्या पुरस्कारांची मुळे शोधायची तर ती अशा एका दिवाळीपर्यंत जातात, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

मात्र आमच्या विषयाच्या दृष्टीने गेडिस यांचा एक विचार अधिक महत्त्वाचा आहे. त्या काळच्या अभियंत्यांचा सारा भर शहरातील घाण गटारांत लोटण्यावर होता. गेडिस यांचे म्हणणे असे की, गटारात जे जाते ते गमावले जाते. जे मातीतून आले ते मातीलाच परत मिळाले पाहिजे. शहराची घाण बागांना द्या, म्हणजे रोगही जाईल आणि पीकही येईल. अहवाल बराचसा कागदावरच राहिला. पण हा विचार सहा वर्षांनी त्याच शहरात दुसऱ्या दिशेने पुन्हा आला.

आल्बर्ट हॉवर्ड हे इंग्लंडमधील श्रॉपशायरच्या एका शेतकरी कुटुंबातले. जन्म १८७३ चा, शिक्षण केंब्रिजचे. वेस्ट इंडीजमध्ये बुरशीतज्ज्ञ म्हणून काही वर्षे काढल्यावर १९०५ साली ते बिहारातील पुसा येथील सरकारी संशोधन संस्थेत वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून रुजू झाले. त्याच वर्षी गॅब्रिएल मथाई यांच्याशी त्यांचा विवाह झाला. या बाई स्वतः केंब्रिजमध्ये वनस्पतींच्या श्वसन-पोषणावर मान्यताप्राप्त संशोधन केलेल्या शास्त्रज्ञ होत्या आणि पुढे सरकारने त्यांनाही स्वतंत्र पद दिले. पुसा येथे या दांपत्याने गव्हाच्या उत्तम जाती निर्माण केल्या. तथापि तेथील कारभारावर हॉवर्ड नाराज होते. बियाण्याचा विभाग वेगळा, किडीचा वेगळा, बुरशीचा वेगळा, मातीचा वेगळा. रोप मात्र एकच! रोपाचे आरोग्य जिच्यावर उभे असते त्या मातीकडे सलगपणे पाहायला कोणीच मोकळे नव्हते. उलट आसपासचे शेतकरी कोणतेही औषध न फवारता निरोगी पिके काढताना त्यांना दिसत. या शेतकऱ्यांनाच हॉवर्ड यांनी आपले गुरू मानले, आणि साम्राज्याच्या अधिकाऱ्याने तसे छापून सांगावे हे त्या काळी थोडे नव्हते.

स्वतंत्र संस्था काढण्याची त्यांची इच्छा इंदुरात फळाला आली. कापूस हे माळव्याचे नगदी पीक. शहरात गिरण्यांची चिमणी चांगली धुरावत होती. इंडियन सेंट्रल कॉटन कमिटीचे अनुदान आणि मध्य भारतातील संस्थानांच्या वर्गण्या यांतून १९२४ साली 'इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री' स्थापन झाली. होळकर दरबारने शहरालगतची सुमारे ३०० एकर जमीन ९९ वर्षांच्या पट्ट्याने दिली. गादीवर तेव्हा तिसरे तुकोजीराव होते. जमीन काळी, चिकण; पावसाळ्यात पाणी धरून बसणारी, उन्हाळ्यात हातभर भेगाळणारी. हॉवर्ड यांनी आधी पाण्याचा निचरा केला, बांध घातले, आणि मग लक्ष वळवले ते कसाकडे.

अडचण साधी होती, पण तिला तोड नव्हती. शेतकऱ्याचे शेण चुलीत जाई. कारण माळव्याच्या उघड्या पठारावर जळणाचे लाकूड कमी. गोवरी जळाली की जमिनीचे अन्न धुरात जाते, हे सर्वांनाच कळे. पण भाकरी कशावर भाजायची? याउलट शेतातून कितीतरी वस्तू वाया जात. कपाशीच्या पऱ्हाट्या, तुरीच्या तुराट्या, उसाचे पाचट, तणाची गवते, झाडांचा पाला. यांतील पऱ्हाट्या आणि तुराट्या इतक्या कठीण की जमिनीत गाडल्या तर वर्ष वर्ष कुजत नाहीत, आणि कुजताना पिकाच्या वाट्याचा नत्र स्वतःच खातात. चीनमधील शेतकरी हजारो वर्षे काडी, माती आणि मैला एकत्र कुजवून जमिनीचा कस टिकवतात, हे अमेरिकन शेतीतज्ज्ञ एफ. एच. किंग यांच्या १९११ च्या पुस्तकातून हॉवर्ड यांना ठाऊक होते. चीनचा तो अनुभव, माळव्याचा गोठा आणि रसायनशाळेतील तराजू यांची सांगड घालणे हेच इंदूरचे काम ठरले.

ती पद्धत थोडक्यात अशी. पऱ्हाट्या-तुराट्या प्रथम संस्थेच्या रस्त्यांवर पसरायच्या. बैलगाड्या जाऊन जाऊन चाकांखाली त्यांचा चुरा होई. यंत्राचा खर्च नाही. मग हा चुरा, पाला आणि गवत मिसळून गोठ्यात बैलांखाली आंथरायचे. रात्रभरात ते शेणामुताने भिजे. गोठ्यातील मूत्र शोषलेली मातीही खणून घ्यायची. मग सुमारे ३० फूट लांब, १४ फूट रुंद आणि दोन-तीन फूट खोल अशा, उतरत्या कडांच्या खड्ड्यांत या साऱ्याचे थर द्यायचे: काडी, आंथरण, मूत्रमाती, लाकडाची राख, आणि वर पाण्याचा शिडकावा. खड्डा खोल करायचा नाही, तुडवायचाही नाही. कारण आतले जीव हवेवर जगतात. पहिल्या काही दिवसांत ढिगाचे तापमान ६५ अंश सेल्सियसपर्यंत चढे. त्यात तणाचे बी मरे, माशांची अंडी मरत. आधी पांढरी बुरशी कामाला लागे, मग जिवाणू. सुमारे दोन आठवड्यांनी पहिली, महिन्याने दुसरी आणि दोन महिन्यांनी तिसरी अशा तीन वेळा खड्डा पालटायचा. तीन महिन्यांनी हाती काळसर, भुसभुशीत, मातीचा गंध असलेले खत येई. पावसाळ्यात खड्ड्यांत पाणी साचते, म्हणून तेव्हा जमिनीवरच ढीग लावत. संस्थेजवळ चाळीस बैल होते. त्यांच्या बळावर वर्षाला सुमारे हजार गाड्या खत निघे.

येथे रसायनशास्त्राचा भाग येतो, आणि त्याबरोबर यशवंत डी. वाड यांचे नाव. वाड हे संस्थेत रसायनशास्त्राचे मुख्य सहायक होते. ढीग कुजतो हे कोणीही सांगेल. पण तो केव्हा नीट कुजतो आणि केव्हा नासतो, हे मोजून सांगणे हे प्रयोगशाळेचे काम. कर्ब आणि नत्र यांचे आरंभीचे प्रमाण साधारण ३३ ला १ असावे आणि खत तयार होते तेव्हा ते १० ला १ च्या आसपास यावे, हे सूत्र अशा मोजण्यांतून पक्के झाले. काडीत कर्ब फार, शेणामुतात नत्र अधिक. म्हणजे कोणत्या काडीला किती शेणमूत लागते हे आता अंदाजावर राहिले नाही. १९३१ साली ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने 'द वेस्ट प्रॉडक्ट्स ऑफ अ‍ॅग्रिकल्चर' हे पुस्तक प्रसिद्ध केले, त्यावर आल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत डी. वाड अशी दोन्ही नावे बरोबरीने आहेत. गौरकाय संचालकाने आपल्या हिंदी सहायकाचे नाव प्रस्तावनेतील आभारांत न ठेवता मुखपृष्ठावर घ्यावे, हे त्या काळात विरळाच घडे.

वाड यांचे काम पुस्तकाबरोबर संपले नाही. हॉवर्ड निवृत्त होऊन १९३१ साली स्वदेशी गेले. त्यानंतरचे संचालक जॅक्सन आणि वाड यांनी १९३४ साली मनुष्यवस्तीतील कचरा व मैला इंदूर पद्धतीने आरोग्यदायी रीतीने खतात कसा बदलावा, यावर निबंध प्रसिद्ध केला. शेतातील पद्धत गावाच्या दाराशी आणण्याचे श्रेय या निबंधाला आहे. नगरपालिकेने कचऱ्याकडे संपत्ती म्हणून पाहावे, हा आज सर्वत्र ऐकू येणारा विचार इंदुरातून इंदुरातल्याच मराठी माणसाच्या सहीने ९० वर्षांपूर्वी छापून गेला होता. तरीही पुढे जगाने पद्धतीला एकट्या हॉवर्ड यांचे नाव जोडले. वाड मागे पडले. आणि १९३० साली, पुस्तक छापून येण्याआधीच निधन पावलेल्या गॅब्रिएल हॉवर्ड याही मागे पडल्या. पंचवीस वर्षांचे काम ज्यांनी खांद्याला खांदा लावून केले, त्यांची आठवण ठेवणे हे आपल्यासारख्या सभांचे कर्तव्य होय.

इंदूरचे नाव मात्र दूरवर गेले. चहाचे मळे, केनियातील कॉफी, आफ्रिकेतील घायपात, मध्य अमेरिकेतील कॉफीचे मळे, सर्वत्र 'इंदूर' हा शब्द खताच्या खड्ड्याचा वाचक झाला. १९३४ साली हॉवर्ड 'सर' झाले. १९४० च्या त्यांच्या 'अ‍ॅन अ‍ॅग्रिकल्चरल टेस्टामेंट' या ग्रंथाने अमेरिकेत जे. आय. रोडेल यांना भारावले आणि १९४२ पासून त्यांनी सेंद्रिय शेतीचे मासिक चालवले. इंग्लंडमध्ये १९४६ साली सॉइल असोसिएशन स्थापन झाली. आज सेंद्रिय म्हणून जे धान्य दुप्पट भावाने विकले जाते त्याच्या वंशावळीत माळव्याचा एक गोठा आहे. हिंदी साहित्य संमेलनासाठी इंदुरात आलेले महात्मा गांधी एप्रिल १९३५ मध्ये संस्थेत गेले आणि त्यांनी खताचे काम स्वतः पाहिले. खेड्यातील घाण म्हणजे अस्थानी पडलेली संपत्ती, ही त्यांची शिकवण. तिला येथे शास्त्राचा आधार मिळाला.

एवढे गोडवे गायल्यावर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ज्या माळव्यात ही पद्धत जन्मली तेथील सामान्य शेतकऱ्याने ती फारशी उचलली नाही. तीन वेळा खड्डा पालटायला मजूर हवेत, शिंपायला उन्हाळ्यात पाणी हवे, भरपूर बैल हवेत. दोन बैलांच्या कुळाजवळ यांतले काय होते? आणि शेण वाचवायचे तर चुलीसाठी दुसरे जळण हवे. ते संस्थेने दिले नाही. हॉवर्ड यांनी पुढे रासायनिक खतांचा जो सरसकट धिक्कार केला, तोही वाढत्या लोकसंख्येच्या देशाला झेपणारा नव्हता. बंगळूरच्या आचार्यांनी १९३९ च्या सुमारास न पालटण्याची, मातीने लिंपून बंद ठेवायची पद्धत काढली. आपल्या विदर्भात पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे यांनी भोके ठेवलेल्या विटांच्या टाक्यात, अत्यल्प शेणात भरपूर पाला कुजवण्याची रीत बसवली. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ती 'नाडेप' म्हणून देशभर ओळखली जाते. इंदूरच्या खड्ड्याला ज्या दोन गोष्टी जड जात होत्या, पालटणे आणि शेण, त्यांवरच पांढरीपांडे यांनी घाव घातला.

आता जळणाच्या प्रश्नाकडे वळू, कारण या साऱ्या कथेची गाठ तेथेच आहे. इंदूरच्या खड्ड्यात ६५ अंशांची जी ऊब निर्माण होई, ती म्हणजे काडीत साठलेली सूर्याचीच शक्ती होती. ती हवेत विरून जाई. तिचा उपयोग तण मारण्यापुरता. तीच काडी हवेशिवाय कुजवली तर वेगळे जिवाणू वाढतात आणि ऊब न निघता ज्वलनशील मिथेन वायू निघतो. म्हणजे शेतकऱ्याची जी ओढाताण होती, चूल की शेत, ती या वाटेने सुटू शकत होती: वायू चुलीला, उरलेला रबडा शेताला. मुंबईच्या माटुंगा येथील कुष्ठरुग्णालयात १८९७ साली मैल्याच्या टाकीतून वायू मिळवून त्यावर इंजिन चालवण्यात आले होते. हॉवर्ड ज्या पुसा संस्थेला कंटाळून निघाले, ती संस्था भूकंपानंतर १९३६ साली दिल्लीला हलली. आणि दैवगती अशी की तिच्याच प्रयोगशाळेत एस. व्ही. देसाई यांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस शेणापासून वायू मिळवण्याचे प्रयोग केले. पुढे जशभाई पटेल यांचे 'ग्रामलक्ष्मी' संयंत्र आले, खादी आयोगाने ते गावोगाव नेले, आणि 'गोबर गॅस' हा शब्द मराठीत रुळला.

इंदुरात ही वाट रुजायला एकविसावे शतक उजाडावे लागले. चोइथराम मंडईतील भाजीपाल्याच्या कचऱ्यावर चालणारा २० टनांचा संच २०१७ च्या अखेरीस सुरू झाला. तेथील वायूवर शहरातल्या बसगाड्या धावल्या. मग देवगुराडियाच्या डोंगराजवळ, जेथे वर्षानुवर्षे कचऱ्याचे डोंगर धुमसत असत, ती जमीन मोकळी करून १९ फेब्रुवारी २०२२ रोजी मोठा बायो-सीएनजी प्रकल्प सुरू झाला. त्याची क्षमता रोज ५५० टन ओल्या कचऱ्याची, आणि त्यातून सुमारे १७ टन शुद्ध केलेला वायू व १०० टन सेंद्रिय खत, असा त्याचा हिशेब आहे. हे साध्य झाले ते घराघरांतून ओला आणि सुका कचरा वेगळा येतो म्हणून. पालेभाजीच्या देठात काचेचा तुकडा आला तर जिवाणूंनी काय करावे? खरा प्रकल्प स्वयंपाकघरात आहे, देवगुराडियाला फक्त त्याचा शेवट होतो.

परंतु वायूच्या टाकीला लाकूड चालत नाही. लाकडातील लिग्निन नावाचे द्रव्य हवेशिवाय जगणाऱ्या जिवाणूंना पचत नाही. हॉवर्ड यांना पऱ्हाट्या गाडीच्या चाकांखाली घालाव्या लागल्या त्याचे कारणही हेच. म्हणून फांद्यांसाठी बिचोली हप्सीचा मार्ग निघाला. ओल्या फांदीत पाणीच फार. ते उतरायला तीन-चार महिने लागतात. मग भुसा, मग दाबलेल्या कांड्या. औष्णिक वीजकेंद्रांनी कोळशाबरोबर पाच टक्के जैव इंधन जाळावे, असे केंद्र सरकारचे २०२१ चे धोरण असल्याने या कांड्यांना गिऱ्हाईकही आहे. हाच विचार महाराष्ट्रात उसाच्या पाचटाबाबत झाला होता. गुरे खात नाहीत, लवकर कुजत नाही, म्हणून शेतकरी पाचट शेतातच पेटवून देतात. पुण्याच्या डॉ. आनंद कर्वे यांच्या 'आरती' या संस्थेने त्या पाचटाचा कोळसा करून चुलीसाठी कांड्या पाडण्याची रीत बसवली. तिला २००२ साली इंग्लंडचा अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला. २००६ साली खरकट्यावर चालणाऱ्या घरगुती वायुसंयंत्राबद्दल तोच पुरस्कार पुन्हा मिळाला.

तर मग शंभर वर्षांनी आपण कोठे आलो? जमाखर्च असा मांडावा लागेल. वायूच्या टाकीतून जे बाहेर जाते ते मुख्यतः कर्ब आणि हायड्रोजन. नत्र, स्फुरद, पालाश हे मातीचे धन रबड्यात शिल्लक राहते. ते खत शेतात पोहोचले तर गेडिस आणि वाड या दोघांचेही समाधान होईल. कांडी जळते तेव्हा मात्र नत्र धुरात जातो आणि उरलेली राख कोळशाच्या राखेत मिसळून निरुपयोगी होते. इंदूरच्या खड्ड्यात लाकडाची राख मोजून घातली जाई. वीजकेंद्राची राख कोण घालणार? कोळसा वाचतो हा लाभ लहान नाही, हे आम्ही नाकारत नाही. जाड फांदी कुजायला वर्षे लागतात आणि तोवर तिला कोणीतरी रस्त्याकडेला पेटवूनच देतो, त्यापेक्षा ती भट्टीत गेलेली बरी. पण पाल्याची गोष्ट वेगळी आहे. पानात नत्र असतो, ते महिन्या-दोन महिन्यांत कुजते, आणि ते ज्या झाडाखाली पडले त्या झाडाचेच ते अन्न आहे. लाकूड भट्टीला आणि पान मातीला, अशी वाटणी व्हावी. टनाला ३,००० रुपयांची गोडी लागली की पानेही पोत्यांतून लाकडामागे जाऊ लागतील, अशी आमची भीती आहे. आणि धडधाकट फांद्यांवर कुऱ्हाड पडू लागेल, ही त्याहून मोठी.

हे आम्ही दूरच्या सरकारला उद्देशून लिहीत नाही. दोन वर्षांपूर्वी आमच्याच वसाहतीच्या बैठकीत अंगणातला निंब तोडावा असा ठराव आला होता. कारण काय, तर पाने फार पडतात. ती उचलण्यासाठी ठेवलेला ठेकेदार रात्री कोपऱ्यात पेटवून देई आणि धूर वृद्धांच्या खोल्यांत शिरे. ठराव मांडणारे आणि अनुमोदन देणारे, दोन्ही कुटुंबे वाड्यातून आलेली, परसातल्या आळ्याचा वास अजून नाकात असलेली. आम्ही स्वतःही आधी गप्पच बसलो, हे कबूल केले पाहिजे. अखेर एका वयस्कर बाईंनी विचारले की निंबाचा पाला विकत आणून धान्यात घालता ना, मग फुकटचा का जाळता? ठराव बारगळला. कुंपणालगत विटांचे जाळीदार टाके बांधले. त्यात पाने, थोडे शेणकाला, थोडी माती. पहिल्या वर्षी वास आला, कारण पाणी जास्त झाले आणि आत हवाच उरली नाही. दुसऱ्या वर्षी नीट साधले. आता गच्चीवरच्या कुंड्यांना ते खत पुरते आणि थोडे उरतेही.

हॉवर्ड यांच्या संस्थेच्या जागी आज कृषी महाविद्यालय आहे. शहर त्याच्या चारी बाजूंनी वाढले, आणि एकेकाळी वेशीबाहेर असलेली ती काळी जमीन आता सोन्याच्या मोलाची झाली. २०२२ साली तेथील विद्यार्थी ही जमीन शेतीच्या अभ्यासाकडेच राहावी म्हणून आंदोलनास बसले होते. त्या आंदोलनाची बातमी आपल्या घराघरांत वाचली गेली असेल; पण ही जमीन म्हणजे आपल्या शहराच्या जागतिक कीर्तीचे उगमस्थान आहे, हे त्या मुलांच्या बाजूने सांगायला आपल्यापैकी कितीजण गेले?

आमची सूचना लहानशी आहे. सभेच्या पुढच्या वर्षीच्या कार्यक्रमांत एक दिवस त्या आवारात घालवावा. बरोबर नातवंडांना न्यावे. तेथे हॉवर्ड दांपत्याचे नाव घेतले जाईलच. त्याबरोबर यशवंत वाड यांचेही घ्यावे, आणि त्यांच्या कार्याची माहिती मराठीत लिहिलेला एक फलक लावण्यासाठी महाविद्यालयाला विनंती करावी. ज्यांच्या जुन्या पेट्यांतून त्या संस्थेतील नोकरीची पत्रे, छायाचित्रे, पगारपत्रके निघतील त्यांनी ती सभेच्या ग्रंथालयाकडे द्यावीत. शंभर वर्षांपूर्वीचा कागद रद्दीत गेला की त्याचेही खत होत नाही.